पाय की चेंडू?

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, फार तर स्लेजिंग. आज मात्र त्यांच्या सॉकरबद्दल, त्यातही तिथल्या टॅकलबद्दल. ‘सॉकर’ मुद्दाम म्हणतोय. मेलबर्नमध्ये ‘फुटी’ म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स, सिडनीत रग्बी लीग. दोन्हीत अंगाला अंग भिडवणं हाच खेळ.

सॉकरचं तसं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया, माल्टा इथून आलेल्या लोकांनी आपापले क्लब काढले आणि खेळावर ‘बाहेरच्यांचा’ असा शिक्का बसला. माजी कर्णधार जॉनी वॉरनने २००२ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच ‘शीलाज, वॉग्ज अँड पूफ्टर्स’. बायका, दक्षिण युरोपीय आणि समलिंगी यांना हिणवायचे हे तीन शब्द. थोडक्यात, हा मर्दांचा खेळ नव्हे! माझं मत असं, की अशा टोमण्यांवरचं सोपं उत्तर म्हणजे कडक टॅकल. बघा, आम्हीही काही लेचेपेचे नाही.

आता केव्हिन मस्कट. माल्टीज घरातला, जन्म इंग्लंडचा, वाढला ऑस्ट्रेलियात. १९९८ मध्ये इंग्लंडात वुल्व्ह्जकडून खेळताना त्याच्या टॅकलने चार्लटनच्या मॅटी होम्सचा पाय मोडला. होम्स कोर्टात गेला आणि २००४ मध्ये अडीच लाख पौंडांवर तडजोड झाली. गंमत म्हणजे त्याच १९९८ च्या वर्ल्ड कपपासून फिफाने मागून येऊन केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड द्या असं रेफरींना बजावलं होतं. नियम कागदावर स्पष्ट होता. पण ‘चेंडूसाठीच गेला होता हो’ हे वाक्य कुठल्याही नियमापेक्षा जुनं आहे.

नोव्हेंबर २००१. मेलबर्नमध्ये फ्रान्सशी मैत्रीपूर्ण (!) सामना. मस्कटच्या टॅकलने क्रिस्तॉफ दुगारीचा गुडघा गेला आणि फ्रेंच प्रशिक्षक भयंकर संतापले. नऊ दिवसांनी, त्याच मैदानावर, वर्ल्ड कपच्या प्लेऑफमध्ये उरुग्वेविरुद्ध ऑस्ट्रेलियाने १-० असा विजय मिळवला. गोल पेनल्टीवर, मारणारा मस्कट. अख्खं स्टेडियम उभं. (पुढे माँटेव्हिडिओत ०-३ हरले, ते वेगळं.) शिट्टी वाजवणारा रेफरी त्या ९० मिनिटांत एकटा असतो हे इथे लक्षात येतं. लोकांना जो हिरो वाटतो त्याला बाहेर काढायचं, म्हणजे हजारो लोकांच्या शिव्या खायच्या.

२००४ मध्ये जुनी नॅशनल सॉकर लीग गुंडाळली गेली. २००५ मध्ये ए-लीग आली. देशांच्या नावांवरचे क्लब वगळून सगळं नवं, चकचकीत. टॅकल मात्र नवीन व्हर्जनमध्येही तोच जुना कोड :) जानेवारी २०११ च्या मेलबर्न डर्बीत ३७ वर्षांच्या मस्कटने हार्ट क्लबच्या पोरसवदा एड्रियन जाहराच्या गुडघ्यावर पाय घातला. चेंडू केव्हाच पुढे गेला होता. लाल कार्ड, आठ सामन्यांची बंदी. जाहराचा सीझन संपला. तेव्हाही ‘केव्हिन असाच आहे, मनापासून खेळतो’ म्हणणारे होतेच. मला हे वाक्य टॅकलपेक्षा जास्त खटकतं. कोणाचं तरी करियर त्या ‘असाच आहे’च्या खाली चिरडलं जातं.

मग आलं तंत्रज्ञान, म्हणजे आमचा प्रांत. एप्रिल २०१७ मध्ये व्हिडिओ रेफरी अर्थात व्हीएआर वापरणारी ए-लीग ही जगातल्या अगदी पहिल्या लीगपैकी एक. ५ मे २०१८ च्या फायनलमध्ये न्यूकॅसल जेट्सविरुद्ध मेलबर्न व्हिक्टरीने नवव्या मिनिटाला गोल केला. त्या चालीत जेम्स डोनाकी ऑफसाइड होता, घरी टीव्हीवर सगळ्यांना दिसलं. पण गोलच्या साधारण ३० सेकंद आधी व्हीएआरच्या सिस्टिमला बहुतेक कॅमेऱ्यांचं चित्र येणंच बंद झालं होतं! प्रॉडक्शन डाऊन, तेही फायनलच्या दिवशी. गोल टिकला, सामना १-० असा संपला.

शेवटच्या मिनिटांत जेट्सच्या रॉय ओ’डोनोव्हनचा बूट व्हिक्टरीचा गोलकीपर लॉरेन्स थॉमसच्या थेट चेहऱ्यावर बसला. त्यासाठी मात्र कुठल्या कॅमेऱ्याची गरज नव्हती. लाल कार्ड, आणि नंतर १० सामन्यांची बंदी, मस्कटच्या आठांपेक्षा दोन जास्त.

टचलाइनवर उभा असलेला व्हिक्टरीचा प्रशिक्षक कोण होता माहितीये? केव्हिन मस्कट.