प्रश्न कोणी विचारायचा?

धर्मशिक्षणाच्या इतिहासात मी एक गोष्ट आवर्जून बघतो: प्रश्न कोण विचारतंय? 1529 साली मार्टिन ल्यूथरने प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तिका काढली. 1563 च्या हायडलबर्ग प्रश्नोत्तरीत तर 129 प्रश्न आहेत, 52 रविवारांत वाटून दिलेले. प्रश्नही छापील, उत्तरही छापील. शिकणाऱ्याने पाठ करायचं.

आता लंडनला येऊ. 1977 साली होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन चर्चमधले तरुण धर्मगुरू चार्ल्स मार्नम यांनी ‘अल्फा’ नावाचा छोटा अभ्यासवर्ग सुरू केला. तो होता नव्याने श्रद्धेकडे वळलेल्यांसाठी. 1990 मध्ये तो निकी गम्बेल यांच्याकडे आला. हे आधी बॅरिस्टर, आणि तरुणपणी नास्तिक. वर्गाला चर्चबाहेरचे लोकही येतायत, हे त्यांनी हेरलं आणि सगळा वर्ग त्यांच्यासाठीच बेतला. आधी जेवण, मग व्याख्यान, मग छोट्या गटात चर्चा. तिथे कुठलाही प्रश्न चालतो. गट चालवणाऱ्याने उत्तर द्यायची घाई करायची नसते.

म्हणजे प्रश्न पाहुण्याच्या हाती आला. पण पूर्ण आला का? व्याख्यानांचा क्रम ठरलेलाच असतो: येशू कोण, तो का मरण पावला, प्रार्थना कशी करायची. मधे पवित्र आत्म्याविषयी शिबिर. हा आक्षेप रास्तच आहे. तरी बघा, ज्याला ‘नाही’ म्हणून उठून जाता येतं, त्याच्याच ‘हो’ला वजन असतं. पाठांतराच्या वर्गात ती मोकळीक कुठे होती?