बेल्हारचा विश्वासांगीकार : न उच्चारलेला एक शब्द

विश्वासांगीकार हा लेखनप्रकार मराठी समीक्षेत क्वचितच संहिता म्हणून वाचला जातो. प्रार्थनेतील ‘आम्ही’ देवाशी बोलतो. विश्वासांगीकारातील ‘आम्ही’ जगासमोर, आणि प्रसंगी आपल्याच चर्चविरुद्ध, बोलतो. दक्षिण आफ्रिकेतील बेल्हारचा विश्वासांगीकार हे याचे ठळक उदाहरण होय.

त्याचा उगम प्रभुभोजनाच्या मेजापाशी आहे. काही गोऱ्या सभासदांच्या ‘दुर्बळते’ला सवलत म्हणून डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने १८५७ मध्ये वेगळ्या उपासनेस मुभा दिली. सवलतीचा नियम झाला, नियमाचा सिद्धांत झाला. १८८१ मध्ये मिश्रवंशीयांसाठी निराळे मिशन चर्च निघाले. आणि त्याच चर्चच्या सिनडने १९८२ मध्ये, केपटाऊनजवळच्या बेल्हार येथे, वंशभेदाच्या धार्मिक समर्थनाविरुद्ध हा मसुदा सिद्ध केला. १९८६ मध्ये तो स्वीकृत झाला. ‘आम्ही मानतो’ आणि ‘आम्ही नाकारतो’ ही त्याची जोडरचना नाझी काळातील बार्मेन घोषणेची (१९३४) आठवण देते.

मात्र बार्मेनइतकीच जेम्स कोन यांची छायाही या काळावर होती. १९६९ पासून कोन ईश्वराला कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्याशी एकरूप मानत होते. मिशन चर्चचे अ‍ॅलन बूसाक यांनी आपल्या प्रबंधात (१९७६) कोन यांचे ऋण मान्य केले, परंतु कृष्णवर्णीय अनुभवालाच अंतिम निकष मानण्यास नकार दिला. हा वाद बेल्हारच्या शब्दकळेत मुरलेला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. संहितेत ईश्वर विशेषत्वाने निराधारांचा, दरिद्री व अन्यायग्रस्तांचा आहे. ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द नाही, ‘अपार्थाइड’ही नाही.

हे मौन संदिग्ध आहे. त्यामुळेच अमेरिकेतील रिफॉर्म्ड चर्च (२०१०) आणि प्रेस्बिटेरियन चर्च (२०१६) यांना, म्हणजे प्रामुख्याने गोऱ्या मंडळ्यांना, हा ‘आम्ही’ उच्चारता आला. पण १८५७ चे मेज विसरून ‘अन्यायग्रस्त’ हा शब्द वाचला, तर तो कोणालाच बोचत नाही. कोन यांचा ‘कृष्णवर्णीय’ असा निसटू देत नाही. ती त्याची मर्यादा म्हणा वा सामर्थ्य.

मसुद्यासोबतच्या पत्रात रोख व्यक्तींवर नसून खोट्या शिकवणीवर असल्याचे म्हटले होते. १९९४ मध्ये मिशन चर्च आणि कृष्णवर्णीयांचे आफ्रिकन चर्च बेल्हारच्या पायावर एकत्र आले. मूळ गोरे चर्च त्या ऐक्यात आजही नाही.