खण, दराज आणि पारव्याची शेपटी

मेजाचा जो कप्पा ओढून बाहेर काढावयाचा, त्यास मराठवाड्यात दोन नावे ऐकू येतात: खण व दराज. पैकी पहिले घरबांधणीतून आलेले आहे. माळवदाच्या घरात दोन तुळयांमधील अंतर म्हणजे खण, आणि घराचे मापही खणांनीच सांगावयाचे. (30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या, तरी अनेक ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला.) दुसरे नाव निजामी अमदानीतील उर्दूचे. फारसीत ‘दराज’ म्हणजे लांब. म्हणून या शब्दाचे मूळ तेथे शोधण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. हे इंग्रजी ‘ड्रॉअर्स’चेच उर्दू रूप होय. सुताराचे रंधा व गुण्या हे शब्द मात्र खरोखरीच फारसी आहेत.

नाव उसने घ्यावे लागले, कारण वस्तूच परकी होती. बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत बसणारा सुतार नांगर, तिफण, गाडी आणि घर यांत गुंतलेला असे. बैठकीवर बसून लिहिणाऱ्या समाजाला पेटी, फडताळ व कोनाडा पुरेसा होता. खुर्ची-मेजाची कचेरी आली तेव्हा दराज आले, आणि त्याबरोबर एक विशिष्ट सांधाही.

या सांध्याचे मर्म दिशेत आहे. दराज ओढताना सारा ताण दर्शनी फळीवर येतो. बाजूच्या फळ्यांची टोके शेपटीसारखी पुढे रुंद होत जाणारी कापली व त्यांत बसणाऱ्या खुंट्या दर्शनी फळीत ठेवल्या, की कितीही ओढले तरी फळी सुटत नाही. प्राचीन मिसरच्या लाकूडकामातही हा सांधा आढळतो. व्हिट्रुव्हियसने त्यास ‘सेक्युरिकुला’, म्हणजे लहान कुऱ्हाड, म्हटले आहे. जर्मन व फ्रेंच भाषांना त्यात पाकोळीची शेपटी दिसली, तर इंग्रजीला पारव्याची. आकृती एकच, पण प्रत्येक भाषेने उपमान आपले निवडले.

यंत्राला हा सांधा सहज साधला नाही, हे विशेष. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या चार्ल्स नॅप याने 1867 मध्ये ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्याने शेपटी मुळी टाकूनच दिली. अर्धवर्तुळ व मधोमध वाटोळी खुंटी असा वेगळाच सांधा त्यातून निघे. 1900 च्या सुमारास खरा पारवा-सांधा कापणारी यंत्रे रूढ झाली आणि नॅपचा सांधा मागे पडला. पुढे राउटर व साचा आला. यात दोन्ही फळ्या काटकोनात, अर्ध्या अंतराने सरकवून जखडतात. टोकाशी रुंद व मानेशी अरुंद असे फिरते पाते साच्याच्या बोटांमधून नेले, की शेपट्या व खाचा एकाच फेरीत कापल्या जातात. पाते किंचित खाली उतरविले तर सांधा घट्ट बसतो, वर घेतले तर सैल.

यामुळे यंत्राची खूण लपत नाही. शेपट्या व खुंट्या सारख्याच रुंदीच्या, आणि खाचेची आतली बाजू गोलाकार. हाताने काम करणारा खुंटी करवतीच्या पात्याइतकी बारीक ठेवू शकतो, कोपरे पटाशीने चौकोनी करतो. यंत्रात खुंटी पात्याहून अरुंद होऊच शकत नाही. म्हणून नांदेड-लातूरकडील जुन्या गढ्या व वाड्यांतील मेजकपाटांची नोंद करणाऱ्याने केवळ नक्षी पाहून थांबू नये. दराज पूर्ण बाहेर काढून त्याचा कोपरा पाहावा. मालकाने सांगितलेल्या कालापेक्षा तो अधिक विश्वसनीय असतो.

शब्दाचे काय? ‘कपोतपुच्छ सांधा’ असा प्रतिशब्द घडविता येतो, पण तो कार्यशाळेच्या उंबरठ्याबाहेरच राहील. कारागीर ‘डव्हटेल’ म्हणतो. कोशकाराने तेच आधी टिपावे, आणि तेही लवकर. कारण प्लायवुडचे दराज आता स्क्रू व पोलादी चॅनेलवर चालते, आणि त्यास शेपटीची गरज उरलेली नाही.