निर्वासितांचे हात आणि कारखानदारांची दारे

ज्याचे घर, दुकान व गाव ही तिन्ही एका आठवड्यात गेली, त्यास प्रथम अन्न व निवारा द्यावा लागतो, हे खरेच. परंतु शिध्याच्या रांगेत उभा असलेला मनुष्य पुन्हा गृहस्थ होतो तो कामामुळे. हे काम कोणी दिले, याचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

१९४७ च्या फाळणीनंतर, १९५१ च्या खानेसुमारीत भारतात सुमारे ७२ लाख निर्वासितांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ४७ लाख पश्चिम पाकिस्तानातून आलेले होते. बन्नू, डेरा इस्माईलखान इत्यादी सरहद्दीकडील गावांतील हजारो कुटुंबे प्रथम कुरुक्षेत्राच्या छावणीत राहिली. १९४९ पासून त्यांच्यासाठी दिल्लीच्या दक्षिणेस फरीदाबाद येथे नवे नगर उभारण्यास आरंभ झाला. डॉ. राजेंद्रप्रसाद मंडळाचे अध्यक्ष होते आणि पंडित नेहरू या कामात जातीने लक्ष घालीत. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या संस्थेच्या प्रेरणेने निर्वासितांनी सहकारी मंडळ्या काढून आपली घरे स्वतःच बांधली. पिढ्यान्‌पिढ्या तराजू धरलेल्या हातांनी तेथे विटा वाहिल्या.

परंतु घरे बांधून झाली की गवंडीकाम संपते. मग पुढे काय? येथे खासगी कारखानदाराची गरज भासली. सरकारने जमीन दिली, युद्धाच्या भरपाईपोटी जर्मनीकडून मिळालेले वीजयंत्र तेथे बसविले, आणि बाटासारख्या कंपनीने जोड्यांचा कारखाना काढला. सरकारी कचेरीस दाखला लागतो, आणि तो दाखला तर बन्नूच्या पेटीत राहिलेला! कारखान्यात मात्र उमेदवाराचा हात चालतो की नाही, हे चार दिवसांत समजते.

याहून बोधप्रद गोष्ट अशी की, काही निर्वासित पुढे स्वतःच मालक झाले. लाहोरात १९४४ साली नंदा बंधूंनी काढलेली एस्कॉर्ट्स ही पेढी फाळणीनंतर दिल्लीस आली व पुढे फरीदाबादेत तिचे मोठे कारखाने झाले. कमालियाहून आलेल्या मुंजाल बंधूंनी १९५६ मध्ये लुधियान्यात हीरो सायकलीचा कारखाना काढला. आपल्याकडे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी बांधवांनी लहानलहान धंदे काढून उल्हासनगर नावारूपास आणले. ज्यास एकाने काम दिले, त्याने पुढे अनेकांस दिले.

तथापि कारखानदार म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे, हेही विसरता कामा नये. निराधार मनुष्य मिळेल त्या मजुरीवर राबतो, आणि त्याच्या गरजेचा लाभ घेणे सोपे असते. म्हणून जमीन, वीज, कर्ज व मजुरीचा कायदा ही जबाबदारी सरकारची, आणि दार उघडण्याची मालकाची. यांपैकी एक नसेल तर दुसरे लंगडे पडते.

आपल्या ज्ञातीत दुकाने, छापखाने व कारखाने चालविणारी मंडळी आहेत. नोकर ठेवताना आपण बहुधा ओळखीच्याचीच चिठ्ठी पाहतो. आपल्या माणसास हात देणे योग्यच. पण ज्याचे गावच राहिले नाही, त्याने चिठ्ठी कोणाची आणावी? पूर, दुष्काळ वा धरणामुळे उठून आलेला असा उमेदवार आजही दाराशी येतो. त्यास चार दिवस काम करून दाखविण्याची संधी व पाचव्या दिवशी रास्त पगार द्यावा, एवढीच नम्र विनंती.