बाळोतें आणि तळें

इतिहासाचीं पानें राजांच्या स्वाऱ्यांनीं, तहांनीं आणि सनदांनीं भरलेलीं असतात. घरांतील दोरीवर वाळत घातलेल्या बाळोत्यांना त्यांत जागा मिळत नाहीं. तरीहि गेल्या पावणेदोनशें वर्षांत रोगाविषयीं मनुष्याला जें ज्ञान झालें, त्यांतील कांहीं मोलाचे धडे तान्ह्या मुलाच्या या मळक्या वस्त्रांनींच त्याला दिले आहेत. आणि पनवेलसारख्या तळ्यांच्या गांवांत तर बाळोतीं धुण्याचा प्रश्न हा एका घराचा कधींच नव्हता. तो साऱ्या गांवाचा प्रश्न होता.

पनवेल हें जुनें बंदर. मुंबईहून होडीनें यावें, पनवेलच्या खाडींत उतरावें आणि तेथून घाटावर जावें, असा प्रवाशांचा व मालाचा क्रम असे. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां या वर्दळीला अधिकच जोर आला. १८५२ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली. महाराष्ट्रांतील अगदीं पहिल्या नगरपालिकांत तिची गणना होते. गांवाच्या पोटांत वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे अशीं तळीं. नळ येण्यापूर्वीं लोकांची भिस्त तळ्यांवर आणि विहिरींवर असे. पावसाळ्यांत सुमारें शंभर इंच पाऊस कोसळावा आणि वैशाखांत मात्र घागरभर पाण्याला मोताद व्हावें, ही कोंकणची जुनीच तऱ्हा.

अशा गांवांत बाळंतिणीच्या घरचीं बाळोतीं कशीं धुतलीं जात? मुळांत तीं कोऱ्या कापडाचीं करीतच नसत. आजोबांचें जुनें धोतर किंवा आजीचें विरलेलें लुगडें फाडून त्याचे चौकोनी तुकडे करावयाचे. यांत काटकसर होती, पण ती केवळ काटकसर नव्हती. कोऱ्या कापडांत खळ असते आणि कापसाच्या तंतूंचा मूळचा मेणचटपणाहि असतो. वर्षानुवर्षांच्या धुण्यानें तीं दोन्हीं निघून गेलीं म्हणजे कापड मऊ होतें आणि ओल चटकन् शोषून घेतें. आजीच्या लुगड्यांत नातवंडाला ऊब मिळते असें म्हणत, त्या म्हणण्यांत मायेइतकाच अनुभवहि होता.

धुण्याची रीतहि ठरलेली. बाळोत्यावरचा मळ आधीं काढून टाकावयाचा, मग तें गार पाण्यांत भिजवावयाचें, नंतर राखेनें, साजीखारानें किंवा रिठ्याच्या फेसानें धुवावयाचें, आणि शेवटीं कढत पाण्यांतून काढून उन्हांत टाकावयाचें. गार पाणी आधीं आणि कढत पाणी मागाहून, या क्रमांतहि शहाणपण आहे. उकळत्या पाण्यांत अंड्याचा पांढरा बलक जसा थिजतो, तसाच मळांतील अंश धाग्यांत थिजून बसतो; मग तो डाग निघतां निघत नाहीं. सोयराच्या दहा दिवसांत हें धुणें घरच्या इतर धुण्यापासून निराळें ठेवीत. अनेक घरांत तें सुइणीकडे अथवा परटिणीकडे असे. धर्माच्या नांवानें पाळलेला हा निराळेपणा रोगाच्या दृष्टीनें उपकारक होता यांत शंका नाहीं. पण ज्या बायकांनीं दुसऱ्यांच्या मुलांचा मळ धुतला, त्यांनाच विटाळाचा बोल लागावा, ही त्या रिवाजाची काळी बाजूहि विसरतां येत नाहीं.

एवढें सगळें ठरलेलें असतांना एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नसे. बाळोतें धुतलेलें पाणी जातें कोठें? पनवेलची नगरपालिका स्थापन झाल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनीं, सातासमुद्रांपलीकडे, लंडन शहराला या प्रश्नाचें उत्तर मिळालें, आणि तें फार महाग पडलें.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागांतील ब्रॉड स्ट्रीटवर, ४० नंबरच्या घरांत, एका पोलीस शिपायाच्या पांच महिन्यांच्या मुलीला जुलाब सुरू झाले. आईनें मुलीचीं मळलेलीं वस्त्रें बादलींत भिजवून धुतलीं आणि तें पाणी घरापुढच्या मैल्याच्या हौदांत ओतलें. कोणतीहि आई करील तेंच तिनें केलें. पण त्या हौदाच्या विटा ढासळलेल्या होत्या, आणि त्यापासून तीन फुटांहूनहि कमी अंतरावर साऱ्या आळीला पाणी पुरविणारी विहीर होती. थोड्याच दिवसांत आळींत पटकीनें हाहाकार उडाला. त्या सांथींत ६१६ माणसें दगावलीं. डॉ. जॉन स्नो यांनीं मृतांचीं घरें नकाशावर मांडून पंपाच्या पाण्याकडे बोट दाखविलें, आणि ८ सप्टेंबर रोजीं त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यांत आला. पुढें रेव्हरंड हेन्री व्हाइटहेड या पाद्र्यानें घरोघर फिरून त्या मुलीचा आणि त्या बादलीचा शोध लावला. गंमत अशी कीं, व्हाइटहेडनें हा शोध स्नोचें मत खोडून काढण्यासाठीं हातीं घेतला होता; पण पुरावा समोर येतांच त्यानें तें प्रामाणिकपणें मान्य केलें.

तीस वर्षांनीं हाच धडा भारताच्या भूमींत पुन्हां गिरविला गेला. १८८३ सालच्या अखेरीस रॉबर्ट कॉख हे जर्मन शास्त्रज्ञ पटकीच्या जंतूंचा माग काढीत कलकत्त्यास आले. शहरालगतच्या बेलेघाटा भागांत एका तळ्याकांठच्या वस्तींत पटकी लागली होती. त्याच तळ्यांत लोक स्नान करीत, भांडीं घांसत आणि त्याचेंच पाणी पीत. पहिल्या रोग्याचे कपडे त्याच तळ्यांत धुतले गेल्याचें कळलें, आणि कॉख यांना त्या पाण्यांत पटकीचे स्वल्पविरामासारखे वांकडे जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं दिसले. बेलेघाट्याचें तें तळें आणि कोंकणांतील एखाद्या गांवचें तळें, यांत नांवाखेरीज फरक तो कोणता? पायऱ्यांच्या एका बाजूला घागर बुडते आणि दुसऱ्या बाजूला बाळोतें आपटलें जातें. मधलें अंतर डोळ्यांना मोठें वाटलें तरी जंतूंना तें अंतरच नव्हे.

स्वच्छतेचा पहिला नियम येथें सिद्ध झाला. मळ वस्त्रांतून निघाला एवढ्यानें भागत नाहीं. तो कोणाच्याहि पिण्याच्या पाण्यांत जातां कामा नये. बाळोत्यावरचा मळ आधीं शौचकूपांत टाकावा आणि मगच तें पाण्यांत घालावें, हा साधा दंडक त्या ६१६ जीवांच्या मोलानें मिळालेला आहे.

दुसरा प्रश्न याच्या उलट बाजूचा. मळ गेला, पण वस्त्रांत उरलें काय? याचें उत्तर शोधतांना इतिहासाचा रोख तळ्याकडून परटाच्या भट्टीकडे आणि साबणाच्या कारखान्याकडे वळतो.

१८८६ सालीं इंग्लंडांत डॉ. रेनर यांनीं एक चमत्कारिक हकीकत प्रसिद्ध केली. कांहीं नवजात मुलें एकाएकीं निळीं पडूं लागलीं. बाळोत्यांवर संस्थेच्या नांवाचा ताजा शिक्का मारलेला होता. त्या शाईंत ॲनिलीन हें रसायन होतें. मुलाच्या ओल्या अंगाला तें लागलें, कातडींतून रक्तांत गेलें आणि रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति हिरावून बसलें. शिक्का मारल्यावर तीं बाळोतीं धुवून, उकळून मग वापरलीं, तर हा धोका टळतो असें पुढें दिसून आलें.

आपल्याकडील परटाची खूण बिबव्याची. बिबव्याच्या फळांतील काळा चीक चुन्याच्या साह्यानें कापडावर असा बसतो कीं, भट्टींतहि तो जात नाहीं. परंतु ज्याच्या अंगावर बिबवा उततो, त्यालाच त्याचा दाह ठाऊक. दुसऱ्या महायुद्धांत ईशान्य भारतांत तळ देऊन असलेल्या अमेरिकन फौजेंतील सैनिकांच्या मानेवर व कमरेवर चट्टे उठूं लागले. त्यांच्या डॉक्टरांनीं १९४३ सालीं त्याचें कारण शोधून प्रसिद्ध केलें: कपड्यावर जेथें धोब्याची खूण, तेथेंच अंगावर चट्टा. धट्ट्याकट्ट्या शिपायाच्या कातडीची ही अवस्था, तर तान्ह्या मुलाच्या कातडीची काय कथा! बाळोत्यावर बिबव्याची खूण असूं नये, हें निराळें सांगावयास नको.

साबणाची कथा इतकी भयंकर नाहीं, पण अधिक नित्याची आहे. १८८८ सालीं सनलाईट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अर्देशिर गोदरेज यांनीं मुंबईंत वनस्पति-तेलाचा साबण तयार केला. पुढें १९५९ सालीं सर्फ आणि १९६९ सालीं निरमा या पुडींनीं घरोघरच्या बादल्या फेसानें भरल्या. फेस दिसला कीं कापड स्वच्छ झालें, असें मनानें घेतलें. पण अपुऱ्या खळबळण्यानें साबणाचा क्षार धाग्यांत राहतो, आणि मुलाच्या कातडीची स्वाभाविक किंचित् आंबट प्रकृति त्यानें बिघडते. १९२१ सालीं अमेरिकेंतील डॉ. कुक यांनीं दाखविलें कीं, ओल्या बाळोत्यांतील जंतु मूत्रापासून अमोनिया तयार करतात. पहांटे बाळोतें बदलतांना नाकाला झोंबणारा वास तो हाच. पुष्कळ वर्षें अशी समजूत होती कीं, हा अमोनियाच कातडी जाळतो. १९८६ सालच्या प्रयोगांनीं ती समजूत सुधारली. अमोनियामुळें क्षारता वाढते, त्या क्षारतेनें मळांतील पाचक द्रव्यें जोर धरतात, आणि तीं कातडी खातात. म्हणून ओलें आणि मळलेलें बाळोतें तत्काळ बदलणें हा खरा उपाय. धुतांना साबण बेताचा, आणि हाताला बुळबुळीत लागेनासें होईपर्यंत पाणी सढळ, ही त्याची जोड.

पावसाळा आला म्हणजे पनवेलकर आईची खरी कसोटी लागे. आठ आठ दिवस ऊन नाहीं, आणि दमट वाऱ्यांत वाळत घातलेल्या बाळोत्याला कुबट वास येतो. मग शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर बाळोतीं वाळवावयाचीं, ओव्याची धुरी द्यावयाची. धुरीचा गुण असो वा नसो, कापड पुरतें वाळे, हा तिचा खरा लाभ. कुबटपणाची ही भीति अमेरिकेंतहि होती, आणि तेथें तिनें अनर्थ केला. १९६७ सालीं सेंट लुई येथील एका लहान रुग्णालयांत नवजात मुलांना दरदरून घाम फुटूं लागला. दोन मुलें दगावलीं. कपड्यांना बुरशी लागूं नये म्हणून धुलाईच्या शेवटच्या पाण्यांत पेंटाक्लोरोफेनॉल असलेली भुकटी टाकीत, आणि ती चादरींत व बाळोत्यांत उरली होती. कापड अगदीं निर्मळ दिसत होतें!

पेटींतील डांबराच्या गोळ्यांचीहि हीच गोष्ट. जुनीं धोतरें, लुगडीं, दुपटीं पुढच्या बाळासाठीं जपून ठेवावयाचीं, आणि कसर लागूं नये म्हणून त्यांत गोळ्या टाकावयाच्या. कांहीं मुलांच्या रक्तांत तांबड्या पेशींचें रक्षण करणारें एक द्रव्य जन्मतःच कमी असतें. अशा मुलाच्या नाकांत या गोळ्यांची वाफ गेली तरी पेशी फुटतात आणि कावीळ बळावते. १९६३ सालीं ग्रीसमधील डॉक्टरांनीं अशा मुलांच्या हकीकती प्रसिद्ध केल्या. भारतांतहि ही उणीव असलेलीं मुलें जन्माला येतात, आणि घरांतील मूल त्यांपैकीं आहे कीं नाहीं, हें दिसण्यावरून ओळखतां येत नाहीं. बाळाच्या वस्त्रांत डांबराची गोळी नसावीच. कोरडी पेटी आणि कडुनिंबाचा सुका पाला हेंच बरें.

आतां पनवेल बंदराचें गांव राहिलें नाहीं. नगरपरिषदेनें देहरंग येथें धरण बांधलें, नळ आले, आणि २०१६ च्या ऑक्टोबरांत तेथें महानगरपालिका झाली. वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. अंगणाचें ऊन चार हातांच्या सज्ज्यांत येऊन बसलें. उन्हाळ्यांत धरण आटतें, तेव्हां बाळोतें खळबळण्यास दुसरी बादली कोठून आणावी, हा प्रश्न पुन्हां उभा राहतो. त्यावर तोडगा म्हणून वापरून टाकावयाचीं कागदी बाळोतीं आलीं. त्यांनीं आईचे कष्ट निःसंशय हलके केले. परंतु जुना प्रश्न त्यांनींहि सोडविला नाहीं. तो नुसता घराबाहेर ढकलला. मळ कोठें जातो? तीं मळासकट कचऱ्यांत जातात, आणि कोणा कामगाराच्या हातांतून पुढें सरकतात. म्हणूनच २०१६ सालच्या कचराविषयक नियमांनीं तीं नीट गुंडाळून देण्याचें बंधन घातलें. एके काळीं परटिणीच्या वांट्याला आलेला बोजा आज दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर बसला आहे, एवढाच काय तो फरक.

पांढरें शुभ्र बाळोतें दोरीवर फडफडतांना पाहून आईच्या मनाला समाधान वाटतें, आणि तें वाटावेंहि. पण लंडनच्या विहिरीचें पाणी निर्मळ दिसत होतें, आणि सेंट लुईच्या चादरीहि निर्मळच दिसत होत्या. यांतून निघालेला, मळाचा आणि अवशेषाचा, हा दुहेरी विचार ज्या घरांत होतो, त्या घरचें बाळोतें डागाळलेलें असलें तरी स्वच्छ आहे. ज्या घरांत तो होत नाहीं, तेथें कितीहि नीळ घातली तरी तें मळकेंच.