नाण्यावरील मळ आणि इतिहासाची साक्ष

आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात संज्ञा, विज्ञान आणि प्रज्ञा यांतील भेद स्पष्ट करण्यासाठी नाण्यांचाच दृष्टान्त योजिला आहे. सराफाच्या फळीवर नाण्यांची रास पडली आहे आणि तिच्याकडे तिघे जण पाहत आहेत. अजाण बालकाला नाण्यांचा रंग, आकार आणि नक्षी तेवढी दिसते. गावकऱ्याला त्याहून अधिक कळते. हे धन आहे, ते व्यवहारात चालते, हे त्याला ठाऊक असते. सराफ मात्र खरे नाणे कोणते, खोटे कोणते, हिणकस कोणते हे ओळखतो. तो नाणे पाहतो, वाजवतो, हुंगतो, चाखतो, हातावर तोलतो. आणि ते कोणत्या गावी, कोणत्या नदीकाठी, कोणत्या कारागिराने घडविले हेही सांगतो. बालकाची ती संज्ञा, गावकऱ्याचे ते विज्ञान आणि सराफाची ती प्रज्ञा होय.

हा दृष्टान्त आज आठवण्याचे कारण एका नेहमीच्या प्रश्नात आहे. लेण्यांच्या परिसरात, नदीकाठच्या शेतात किंवा जुन्या गावाच्या पांढरीत सापडलेले नाणे रुमालात बांधून विहारात घेऊन येणारे उपासक आम्हाला अनेकदा भेटतात. नाण्यावर हिरवा, काळा किंवा मातकट थर असतो. अक्षरे लागत नाहीत. 'हे ॲसिडने धुतले तर चालेल का?' हाच बहुधा पहिला प्रश्न असतो. कित्येकांनी तर येण्यापूर्वीच चिंच आणि मीठ लावून ते लख्ख केलेले असते. त्यांचा हेतू शुद्ध असतो. आपल्या पूर्वजांच्या धम्माची खूण उजळून निघावी, एवढीच त्यांची इच्छा असते. तथापि हेतू शुद्ध असला तरी त्या एका धुण्यात काय नाहीसे होऊ शकते, याचा विचार झाला पाहिजे. तो विचार आपल्याच महाराष्ट्रातील एका प्रसिद्ध निधीच्या आधारे करू.

जोगलटेंभीचा निधी

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा निधी सापडला. नाणी १३,००० हून अधिक होती आणि ती सर्व क्षहरात क्षत्रप नहपान याची होती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. या नाण्यांच्या एका बाजूस राजाचे मुख आणि ग्रीक अक्षरांतील लेख आहे; दुसऱ्या बाजूस बाण व वज्र ही चिन्हे असून ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा दोन लिपींत राजाचे नाव आहे. परंतु त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर दुसऱ्याच राजाचा ठसा मारलेला आढळला. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी होय. त्याने नहपानाची नाणी न वितळवता त्यांच्यावरच आपले नाव आणि चिन्हे उमटविली. एका बाजूस तीन कमानींची आकृती, दुसऱ्या बाजूस ज्याला उज्जयिनी चिन्ह म्हणतात ते.

या दुहेरी ठशाचे महत्त्व मोठे आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखात आपल्या पुत्राने क्षहरात वंशाचा निःपात केल्याचे सांगितले आहे. लेख हा राजमातेचा आहे, म्हणून त्यात गौरव असणारच, असे कोणी म्हणू शकेल. परंतु जिंकलेल्या राजाच्या मुखावर जेत्याचे नाव हजारो नाण्यांवर उमटलेले पाहिल्यावर ती शंका उरत नाही. लेण्याच्या भिंतीने जे सांगितले, त्याला शेतातील मातीने दुजोरा दिला.

याच लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचाही लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकी २,००० दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. आणि वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत असे लेख सांगतो. हिशेब तंतोतंत जुळतो. पुढे गौतमीपुत्राने आपल्या १८ व्या राज्यवर्षी, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंना दिले. राजवट पालटली, परंतु संघाचा आधार तुटला नाही. नहपानाच्या काळी ज्या नाण्यांत चीवरांचा हिशेब होत असे, त्यांपैकी एखादे आज शेतकऱ्याच्या हाती लागू शकते. ते चिंच-मिठात टाकण्यापूर्वी एवढे तरी मनात आले पाहिजे.

थर म्हणजे मळ नव्हे

आता धातूकडे वळू. जुन्या नाण्यावर नवा ठसा मारताना खालची आकृती पूर्णपणे दबत नाही. नहपानाच्या नाकाची रेघ, ग्रीक अक्षराचा एखादा पाय, वज्राचे टोक हे सारे केसाएवढ्या उंचीने शिल्लक राहते. घासण्याची पूड, राख किंवा तीव्र आम्ल यांनी पृष्ठभाग झिजला, तर सर्वांत आधी नाहीसे होते ते हेच उथळ अवशेष. वरचा राजा कदाचित उजळेल, खालचा कायमचा जाईल, आणि ज्या साक्षीसाठी ते नाणे मोलाचे होते ती साक्षच संपेल. शिवाय वजन हाही पुरावा असतो. सुमारे दोन ग्रॅमच्या नाण्यात धातूचा अल्पसा क्षयही मूळ तोलमापाचा अभ्यास बिघडवतो.

तांब्याच्या नाण्याची गोष्ट याहून नाजूक आहे. जमिनीत शतकानुशतके राहिल्यावर त्याच्यावर प्रथम तांबूस ऑक्साइडचा आणि त्यावर हिरव्या कार्बोनेटचा थर जमतो. जुने लोक या हिरव्या थराला जंगाल म्हणतात. हा थर म्हणजे बाहेरून चिकटलेली घाण नव्हे. तो नाण्याच्याच धातूचे रूपांतर आहे. पुष्कळदा अक्षरांची मूळ कड खालच्या धातूत उरलेली नसते, ती या थरातच टिकून असते. आम्लाने थर विरघळला की त्याच्याबरोबर अक्षरेही विरघळतात आणि खाली उरते ती खड्डे पडलेली गुलाबी चकती. थरात आणखीही काही दडलेले असते: नाणी ज्या कापडात बांधली होती त्याच्या विणीचा ठसा, किंवा एकमेकांना चिकटलेल्या नाण्यांचा मूळ क्रम.

चिंच आणि मीठ हा घरची तांब्या-पितळेची भांडी घासण्याचा उत्तम उपाय आहे, परंतु नाण्याला तो दुहेरी घातक ठरतो. चिंचेतील आम्ल थर खाते आणि मिठातील क्लोराइड धातूच्या छिद्रांत शिरते. हे क्लोराइड तांब्याशी संयोग पावून क्युप्रस क्लोराइड बनवते. त्याला ओलावा आणि हवा मिळाली की फिकट हिरवी भुकटी तयार होते व पुन्हा आम्ल सुटते. ते आम्ल आणखी तांबे खाते. यालाच संग्रहालयांत कांस्यरोग म्हणतात. लोखंडातून निघालेला गंज लोखंडालाच खातो, हा धम्मपदाच्या मलवग्गातील दृष्टान्त येथे अक्षरशः खरा ठरतो.

प्रयोगशाळांचा धडा

ही चूक केवळ अडाण्यांची आहे असे समजू नये. बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांत १८८८ साली फ्रीडरिख राटगेन यांच्या हाताखाली पहिली संग्रहालयीन रसायनशाळा निघाली. त्या काळी विद्युत्प्रवाहाने वा रसायनांनी सगळा थर उतरवून मूळ धातूपर्यंत जाणे ही शास्त्रीय पद्धत मानली जात असे. पहिल्या महायुद्धात लंडनच्या भुयारी रेल्वेमार्गात ठेवलेल्या ब्रिटिश म्युझियममधील वस्तू बिघडल्या आणि त्यांच्या उपचारासाठी १९२० च्या सुमारास ॲलेक्झांडर स्कॉट यांची प्रयोगशाळा उभी राहिली. भारतात १९१७ साली पुरातत्त्व खात्याचे पहिले रसायनतज्ज्ञ म्हणून मोहम्मद सनाउल्लाह यांची नेमणूक झाली. १९७६ साली लखनौ येथे सांस्कृतिक संपदेच्या जतनासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली.

या शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवातून तज्ज्ञ एका निष्कर्षावर आले: जितके थोडे, तितके बरे. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने किंवा पात्याने, तसूतसूने बाहेरची माती आणि वरचा जाड थर काढावा, मूळ पृष्ठाच्या पातळीवर थांबावे, आणि रसायन वापरायचे तर कारण निश्चित करूनच वापरावे. मलवग्गातच सांगितले आहे की शहाणा मनुष्य, रुप्याचा कस काढणाऱ्या सोनाराप्रमाणे, थोडे थोडे, क्षणोक्षणी आपला मल दूर करतो. प्रयोगशाळेची रीत याहून वेगळी नाही. फरक एवढाच की सोनार धातू शुद्ध करतो, आणि आपल्याला धातू शुद्ध करायचा नसून त्याची साक्ष राखायची आहे.

नाणे खरोखरच दुर्मीळ असेल तर?

येथे एक आक्षेप योग्यच आहे. नहपानाची नाणी हजारोंनी मिळाली. परंतु नाणे अत्यंत दुर्मीळ असेल आणि थरामुळे वाचताच येत नसेल, तर ते तसेच ठेवून इतिहासाचा काय लाभ? कुषाण सम्राट कनिष्काची बुद्धप्रतिमा असलेली नाणी हे याचे उत्तम उदाहरण आहे. सोन्याच्या नाण्यांवर उभ्या बुद्धाजवळ ग्रीक अक्षरांत 'बोद्दो' असे लिहिले आहे. अशी सोन्याची नाणी जगात अगदी थोडी आहेत. त्यांपैकी एक अफगाणिस्तानातील जलालाबादजवळच्या अहिन पोश स्तूपातून निघाले. सोने गंजत नाही, म्हणून ती स्वच्छ वाचता येतात. तांब्याच्या नाण्यांवर मात्र 'साकमानो बौदो', म्हणजे शाक्यमुनी बुद्ध, आणि 'मेत्रागो बौदो', म्हणजे मैत्रेय बुद्ध, असे लेख आहेत. आणि ही नाणी बहुधा झिजलेली व थर चढलेली असतात. राजाच्या नावाबरोबर बुद्धाचे नाव व बुद्धाची प्रतिमा देणारा हा अगदी प्रारंभीचा पुरावा होय.

मग ही अक्षरे कशी लागली? एखादे नाणे आम्लात घालून नव्हे. ब्रिटिश म्युझियमचे जो क्रिब यांनी वेगवेगळ्या संग्रहांतील नाणी शेजारी शेजारी ठेवून, एकावर न दिसणारे अक्षर दुसऱ्यावर शोधून, त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. दुर्मीळ नाणे वाचण्याचा खरा मार्ग हा आहे. त्यानंतरही थर काढणे अपरिहार्य ठरले, तर ते काम प्रशिक्षित हातांनी, छायाचित्रे व वजन नोंदवून, एकाच प्रश्नाच्या उत्तरापुरते व्हावे. नाणे जितके दुर्मीळ, तितकी चूक सुधारण्याची संधी कमी. म्हणून दुर्मीळता हे धुण्याचे कारण नसून थांबण्याचे कारण आहे.

त्याचबरोबर, काहीच करू नये असेही आमचे म्हणणे नाही. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर नाणे रोगी आहे आणि उपेक्षा केल्यास ते संपेल. अशा नाण्यातील क्लोराइड काढणे, त्यावर बेन्झोट्रायझोलसारख्या द्रव्याचा संरक्षक उपचार करणे हे आवश्यकच असते. परंतु ते विषारी द्रव्य घरी हाताळू नये, तज्ज्ञांकडेच जावे. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांना तर लाकडी कपाटातील आम्ल वाफही बाधते व त्यांवर पांढरी भुकटी चढते. ती लाकडी पेटीत ठेवू नयेत आणि शिसे विषारी असल्याने चोळूही नयेत.

सामान्य उपासकाने करावयाचे ते एवढेच. नाणे कोठे, किती खोलीवर, कशाबरोबर सापडले ते लिहून ठेवावे. तिरप्या प्रकाशात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. ते कोरडे ठेवावे. पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, जमिनीत सापडलेला १० रुपयांहून अधिक मोलाचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे, हे विसरू नये. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी जाणकारांचा सल्ला घेता येतो.

अखेरीस एक गोष्ट. गौतमीपुत्राच्या नाण्यावरील तीन कमानींच्या आकृतीला अनेक अभ्यासक चैत्य म्हणत आले. इतर काही तिला पर्वत मानतात. आपल्याला चैत्य हा अर्थ प्रिय वाटणे स्वाभाविक आहे. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' ग्रंथाच्या प्रस्तावनेत, गटेचा हवाला देऊन, खऱ्याला खोट्यापासून आणि निश्चिताला अनिश्चितापासून वेगळे करणे हे इतिहासकाराचे कर्तव्य म्हणून पुढे ठेवले आहे. नाणे घासून हवे तसे चकचकीत करणे आणि पुरावा ओढून हवा तसा अर्थ लावणे, ही एकाच दोषाची दोन रूपे आहेत. ज्यांचा इतिहास इतरांनी पुसला, त्यांनी तो आपल्या हातांनी पुन्हा पुसू नये.

सर्व संस्कार अनित्य आहेत. नाणेही एक दिवस मातीत मिळेल. परंतु अनित्यता ही प्रमादाची सबब नव्हे. बालकाने चकाकी पाहावी, गावकऱ्याने किंमत पाहावी. धम्माच्या उपासकाने मात्र बुद्धघोषांच्या सराफाप्रमाणे नाणे हातावर तोलावे, त्याला विचारावे, आणि ते जे सांगते ते शांतपणे ऐकावे.