हर्णैचा पडाव आणि माथेरानचा ड्रोन

गेल्या आठवड्यात एका ग्रुपवर प्रश्न पडला : "दापोलीत ड्रोनने पार्सल कधी सुरू होणार?" खाली पन्नासेक प्रतिक्रिया, अर्ध्या थट्टेच्या. कुणी लिहिलं, आंब्याची पेटी उडत पुण्याला जाईल. कुणी लिहिलं, आधी खड्डे बुजवा. मला मात्र तो प्रश्न थट्टेचा वाटला नाही. कारण आपल्याकडे माल कसा येतो, यावरच कुठली पेठ जगते आणि कुठली मरते हे ठरत आलंय.

थोडं मागे जाऊ. इंग्रजांनी १८१८ नंतर इथे छावणी टाकली, म्हणून जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. पण माल दापोलीत उतरायचा नाही, तो उतरायचा हर्णैला. मुंबईहून आगबोट यायची, ती धक्क्याला लागायची नाही, कारण तसा धक्काच नव्हता. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव तिच्याकडे जायचे. माणसं, ट्रंका, गुळाच्या ढेपी, कापडाचे गठ्ठे, सगळं पडावातून किनाऱ्याला, तिथून बैलगाडीने पंधरा-सोळा किलोमीटर चढ चढून दापोलीला. म्हणजे मुंबई-हर्णै हा लांबचा टप्पा सोपा, आणि आगबोट ते दुकान हा शेवटचा तुकडा महाग आणि कटकटीचा. आज कंपन्या ज्या 'शेवटच्या टप्प्या'साठी डोकं खाजवतायत, तो आमच्या आज्या-पणज्यांना चांगलाच ठाऊक होता!

आणि पावसाळ्यात हे सगळं बंद. मृगाच्या आधी आगबोट थांबायची ती समुद्र निवळल्यावरच सुरू व्हायची. पावसात समुद्राशी खेळ केला की काय होतं, ते १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोटीने दाखवलं. मुंबईहून रेवसला निघालेली बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली. म्हणून आपल्याकडे आगोटीची खरेदी असायची. चार महिन्यांचं तांदूळ, मीठ, मिरची, रॉकेल आधीच भरून ठेवायचं. दुकानदार हाच तेव्हाचा गोदामवाला, आणि मनीऑर्डर येईपर्यंत उधारी देणारा सावकारही तोच.

मग रस्ते झाले, एसटी आली. आगबोट मागे पडली तशी मालाची वाटच बदलली. माल समुद्राकडून यायचा तो आता खेडकडून, घाट चढून येऊ लागला. बंदराजवळच्या पेठांचं महत्त्व ओसरलं, दापोलीची बाजारपेठ फुगली. हर्णैला मासळीचा लिलाव राहिला, पण मुंबईहून येणारा किराणा पुन्हा तिथे उतरला नाही. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली, तीही खेडवरून गेली, दापोलीला आली नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ मध्ये आली आणि गुहागर एकदम जवळ झालं. दरवेळी नकाशा तोच, पण कोण कोणाच्या जवळ हे बदललं.

आता हवेतून माल. हेही आपल्याला वाटतं तेवढं नवं नाही. १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून नैनीला विमानाने सुमारे साडेसहा हजार पत्रं गेली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. १९३२ मध्ये जेआरडी टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं. पण पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, आणि टाटांना मुक्काम पुण्याला हलवावा लागायचा. आगबोटीसारखंच झालं म्हणायचं.

ड्रोनचे अलीकडचे प्रयोग आपल्या राज्यातलेच आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झापला लशी नेल्या. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने कर्जतहून माथेरानला साधारण पावणेदहा किलोची टपालाची पिशवी पंधरा-वीस मिनिटांत पोचवून बघितली. माथेरान का, तर तिथे मोटारी चालत नाहीत, माल घोड्यावर किंवा हातगाडीवर जातो.

पण पावणेदहा किलो म्हणजे किती ते बघा. तांदळाचा एक कट्टा नाही, तेलाचा पंधरा किलोचा डबा नाही, भरलेली हापूसची पेटी तर नाहीच. हलकं आणि महाग तेवढं उडणार : औषधं, मोबाईल, चष्मा, सौंदर्यप्रसाधनं. आणि दुकानदाराचं पोट नेमकं याच हलक्या मालावर भरतं. साखर-तांदळात सुटतं काय? जड माल गिऱ्हाईक टिकवायला ठेवायचा आणि कमाई हलक्यातून काढायची, असा हा हिशेब आहे. हलका माल आठ महिने हवेतून गेला, तर जड माल आणि उधारी तेवढी त्याच्या गळ्यात उरेल.

आठ महिनेच म्हणतोय, कारण आषाढातल्या आपल्या वाऱ्यात आणि पावसात छोटा ड्रोन रोज वेळेवर उडेल, यावर माझा विश्वास नाही. रस्ताही नेमका तेव्हाच तुटतो. २ ऑगस्ट २०१६ ला महाडचा सावित्रीवरचा पूल गेला, तो पावसातच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर वीज नाही, फोन नाही, रस्त्यावर झाडं आडवी. त्या दिवसांत मेणबत्त्या, पत्रे, खिळे मला मिळाले ते ओळखीच्या दुकानातून, वहीत नाव लिहून.

ड्रोन नको असं मी म्हणत नाही. सर्पदंशाची लस रात्री केळशीकडे पोचणार असेल तर उद्याच आणा. माझा आग्रह क्रमाबद्दल आहे. आधी उपजिल्हा रुग्णालय आणि टोकाची आरोग्य केंद्रं, मग टपाल, मग बाकीचं. आणि उतरण्याची जागा सार्वजनिक असावी. पडाव कुठल्या एका पेढीचा नसायचा, भाडं दिलं की कोणाचाही माल चढायचा. तसं दापोलीतल्या दुकानदारालाही त्याच ड्रोनवर आपलं पुडकं चढवता आलं, तर आंजर्ल्याचं गिऱ्हाईक त्याच्याकडेच राहील. ही अट परवानगी देतानाच घालावी लागेल, नंतर कोण ऐकतंय?

हर्णै, आंजर्ले, दाभोळकडच्या जुन्या दुकानांच्या चोपड्या कोणाच्या माळ्यावर असतील तर वाळवी लागायच्या आत जरा उघडून बघा. पडावाचं भाडं, हमाली, आगोटीला भरलेला माल, जे सापडेल त्याचा फोटो खाली टाका.